सात नावांची किल्ली

पुस्तक लिहायला तुला अख्खं जग मोकळं होतं, मीच सापडले? शेजारची बुआजार दूध काढायचं सोडून दारात आली, तुझ्या पुस्तकातलं ते पान मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, “अगं बुरुलचा, ही तर तूच!” आता कोचकोरच्या बाजारात पोरंटोरं मला बघून फिदीफिदी हसतात.

प्रिय एल्दियार. प्रिय लिहितात म्हणून लिहिलंय, लगेच पाघळू नकोस.

पहिलं मूल आजीला द्यायचं, या आपल्या रीतीनं आईबापानं तुला माझ्या ओटीत टाकलं, म्हणून तू मला अपा, म्हणजे आई म्हणत वाढलास. पुस्तकात मात्र ‘माझी अडाणी आजी’ झाले. तुझं काम मला कळतं तेवढं कळतं. बिश्केकच्या बँका तुला पगार देतात, तू त्यांच्या संगणकात चोरासारखा शिरतोस आणि कुठली खिडकी उघडी राहिली ते सांगतोस. बरं, शीर. अल्माटीत भाषणं ठोक, टाळ्या घे. पण माझ्या घरात शिरायला तुला कोणी बोलावलं होतं? माझ्या माहेरच्या सात पूर्वजांची नावं मी तुझ्याकडून घोटून घेतली, ती तू माझी परीक्षा घ्यायला कुठल्याशा परक्या पोराला शिकवलीस. त्यानं फोन केला, “आत्या, मी आत-बाशीचा, तुमच्याच कुळातला.” नावं घडाघडा म्हणाला. मग मी फोनवर आलेला बँकेचा गुप्त आकडा त्याला वाचून दाखवला. नावं सांगणाऱ्याला आपल्यात कुणी दारातून परत धाडतं का? ‘देशातलं सगळ्यात कच्चं कुलूप,’ असं लिहिलंस माझ्याबद्दल. किल्ली घरातल्यानंच दिली, ते लिहायला शाई संपली होती वाटतं.

वर मलाच दम दिलास, की यापुढे नावं सांगणारा भेटला तर फोन ठेवून द्यायचा. ठेवला. अनोळखी नंबर होता, आवाज बसलेला. “आत्या, मी जोलदोश. बाबा गेले.” मी म्हटलं, कुठला रे तू? माझा भाचा रडत रडत सातही नावं म्हणाला. मी म्हटलं, “चोरा, माझ्या जित्या भावाला मारतोस? जीभ झडो तुझी!” आणि फोन आपटला. पुन्हा पुन्हा वाजला, उचलला नाही.

माझ्या भावाला, असानकुलला मातीत ठेवलं तेव्हा तंबूत त्याच्यासाठी आक्रोश करायला सख्खी बहीण नव्हती. शेजारणींनी केला. नंतर खरं कळल्यावर मी गेले, तर जोलदोश फाटकातूनच म्हणाला, “चोराच्या घरी कशाला आलात?” चहासुद्धा विचारला नाही.

म्हणून हे लिहितेय. भावाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तू आत-बाशीला जायचंस. भाषण असेल तर गेलं खड्ड्यात. मेंढा घेऊन जा, आणि आपले पुरुष जातात तसा लांबूनच मोठ्यानं रडत फाटकापाशी जा. सगळ्या सोयऱ्यांसमोर सांग, की माझे कान तू फुंकलेस आणि कुळाची नावं तू बाजारात मांडलीस. हाकललं तर तिथेच उभा राहा. मला तुझं पत्र नको, फोन तर नकोच. या पत्राचं उत्तर जोलदोशनं द्यायचं, माझ्या दारात येऊन, मला आत्या म्हणून. तो येईपर्यंत तू या घराकडे फिरकू नकोस.

तुझीच, अजून तरी,
अपा बुरुलचा