दहापैकी दहा

ता. ४ जून

चि. भिंगरीस,

अ. उ. आशीर्वाद.

इंग्रजी व्याकरणाला भ्यालेल्या बंधुभगिनींनो! (सभेला तू एकटीच आहेस, पण मला एकट्यादुकट्याशी बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.) आपलं दुखणं एकच. पुस्तकांनी व्याख्या घोकून घेतल्या, समजावून कुणीच दिलं नाही. ते आज बंद.

नर्सिंगची प्रवेश-परीक्षा द्यायचं मनावर घेतलंस, ऊर भरून आला. पोस्टातून शिकवीन, पण सोडणार नाही. पहिला धडा ॲडव्हर्ब फ्रेजचा. क्रियापदाला पकड आणि उलटतपासणी घे: कसं? कुठे? केव्हा? का? ज्या शब्दांच्या घोळक्याकडून उत्तर मिळेल आणि ज्याच्या पोटात स्वतःचं कर्ता-क्रियापद नसेल, तो घोळका म्हणजे ॲडव्हर्ब फ्रेज. तो काढून टाकला तरी वाक्य पडत नाही. काय घडलं ते कळतं; कसं नि कुठे घडलं, ते मात्र बुडतं.

रोजच्या जगण्यातली दहा वाक्यं लिही आणि असे घोळके अधोरेखित करून पाठव. लाल शाई भरून ठेवली आहे. जावईबापूंना आणि सासूबाईंना नमस्कार.

तुझा
दादा

ता. २० जून

ती. दादास,

शि. सा. न.

धडा समजला. इकडे सगळं छान आहे. पत्र पेटीत पडायच्या आधी घरातले सगळे कौतुकानं वाचतात, त्यामुळे अक्षर नीट काढावं लागतं. इंग्रजीचा कागद तेवढा कुणी हातात धरत नाही. सासूबाई म्हणतात, त्या मुंग्या आम्हाला काय कळणार.

दहा वाक्यं सोबत जोडली आहेत. दादा, मी लहानपणी पडले की तू म्हणायचास, रडू नको, काय झालं ते इंग्रजीत सांग, म्हणजे पेपरमिंट. आठवतं ना? कागद सावकाश वाच.

लोभ आहे, तो पुरून उरो.

भिंगरी

ता. २ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

दहापैकी आठ! पहिल्या फटक्यात एवढे तर माझ्या वर्गातल्या शहाण्यांनाही पडत नाहीत. ‘इन अ लो व्हॉइस’ आणि ‘आफ्टर एव्हरीबडी’ अचूक ओळखलेस. बाई कशी बोलते? हळू आवाजात. केव्हा जेवते? सगळ्यांच्या मागून. शाब्बास.

आता कुठे घसरलीस ते बघ. चौथ्या वाक्यात ‘फ्रॉम आउटसाइड’ अधोरेखित करायचं राहिलं. दाराला कडी लावतात, कुठून? बाहेरून. इतकं ढळढळीत कसं निसटलं? आणि सातव्यात ‘द वुमन विथ द ब्लू मार्क ऑन हर आर्म’ खाली रेघ मारलीस, ती चूक. दंडावर निळा वळ असलेली बाई म्हणजे कोणती बाई, एवढंच ते सांगतं. म्हणजे विशेषणाचं काम. क्रियापदाशी त्याचा संबंध नाही. गुण कापला.

एक प्रेमाची तक्रार. तुझी ही पुस्तकी बाई फारच रडकी आहे बुवा! तिला जरा मोकळ्या हवेत हिंडवून आण. आता एकाच वाक्यात तीन फ्रेज बसवून दाखव. पेपरमिंट उधार.

माया आहेच, ती तशीच राहील.

दादा

ता. १५ जुलै

ती. दादास शि. सा. न.

चुका समजल्या. त्या बाईला हिंडायला न्यावं असं माझ्याही मनात आहे. ती फक्त रविवारी सकाळी धुणं वाळत घालायला मागच्या अंगणात येते, एवढंच तिचं बाहेर. बाकी तिचं पुढे काय होतं ते तुझ्या हातात आहे, तूच मास्तर.

या वेळी एकच वाक्य पाठवते आहे. फार वेळ लागला लिहायला. तीन फ्रेज आहेत. रेघा मी मारलेल्या नाहीत, तू मार. तू माझा प्रत्येक शब्द वाचतोस, या भरवशावर आहे.

भिंगरी

ता. २४ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं वाक्य वर्गात फळ्यावर लिहिलं! बाई थांबेल. कुठे? मागच्या फाटकाशी. केव्हा? ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी. कशी? लहान पिशवी घेऊन. रेघ मारायला हात शिवशिवावेत असं वाक्य आहे. का थांबेल, कुणासाठी, ते तेवढं लिहायला विसरलीस. पण मागितले होते तीन, दिलेस तीन. दहापैकी दहा.

त्याच रविवारी आमच्या शिक्षक संघटनेची मोठी सभा आहे. विषय दिलाय ‘शिकलेली बाई कुणाची बटीक नसते’. पुढचा धडा सभा उरकल्यावर.

दादा

ता. २६ ऑगस्ट

मास्तरांना नमस्कार.

मी तुमच्या बहिणीच्या घरामागे राहते, शिवणकाम करते. तिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते आहे. उजवा हात मोडलाय. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता वळायची नाहीत. घरचे सांगतात, मोरीत पाय घसरला.

त्या रविवारी ती तीन तास फाटकाशी उभी होती. मी मशीनवरून बघत होते. शेवटी जाऊन म्हटलं, पोरी, ऊन चढलंय, माझ्याकडे चल, मी बघते कोण विचारतो ते. तर म्हणाली, नको मावशी, दादा येतोय, मी गेले तर त्याची चुकामूक होईल. मग नवरा आला. पिशवी त्यानंच आधी पाहिली.

आता मागच्या दारालाही कडी असते. मी खिडकीतून तिच्याशी बोलते. तुम्ही तपासून पाठवलेले हे दोन कागद तिनं तुम्हाला परत द्यायला सांगितले, आणि पुढचा धडा पाठवू नका म्हणाली. मला इंग्रजी येत नाही. लाल शाईत ‘शाब्बास’ लिहिलंय तेवढं वाचता आलं.

रागावू नका, पण सभा कशी झाली?

ता. ३० ऑगस्ट

चि. भिंगरी,

हे पत्र शिवणवाल्या मावशींच्या पत्त्यावर पाठवतो आहे. त्या खिडकीतून तुला वाचून दाखवतील. आशीर्वाद लिहायची माझी लायकी राहिलेली नाही.

मावशींनी विचारलंय म्हणून सांगतो, सभा फार चांगली झाली. टाळ्या थांबत नव्हत्या. मी व्यासपीठावर मूठ आपटून सांगत होतो की बाईच्या दाराची कडी समाजानं बाहेरून लावली आहे, आणि तू त्याच वेळी उन्हात उभी होतीस.

दोन्ही कागद पुढ्यात आहेत. सभेतल्या आठशे माणसांच्या मनातलं ओळखतो म्हणून मिरवणाऱ्या मला एका बहिणीची अकरा वाक्यं वाचता आली नाहीत. वाचली कुठे, तपासली. बाहेरून कडी लावतात हे मी तुला उलट समजावून सांगितलं! तुझ्या दंडावरच्या वळाचा एक गुण कापला! लहानपणी तू गुडघा फोडून यायचीस, तेव्हाही मी आधी वाक्य दुरुस्त करायचो आणि मग रक्त पुसायचो. तुला ते आठवलं, म्हणून तू मला तसंच सांगितलंस. या वेळी गुडघ्याकडे बघायचंच राहिलं. ती बोटं मी मोडली, भिंगरे. तुझ्या नवऱ्यानं नुसती पिरगळली.

कुणासाठी थांबणार, ते तू विसरली नव्हतीस. ब्रदर हा शब्द घरात कुणालाही कळला असता.

माफी मागत नाही. तो गुण देणं न देणं तुझ्याकडे. ठरलं आहे ते सांगतो. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मागच्या फाटकाशी आहे. सोबत मावशी आहेत, आणि माझी शाळेतली सहकारी आणि तिचे पोलिसातले वडील. पिशवी नको. कपडे नकोत. बाहेरची कडी मी काढीन, ती काढायला कुणाची परवानगी विचारणार नाही. पण घरचे म्हणतील, तिला यायचंच नाही. त्यांना उत्तर मी नाही देऊ शकत, ते तुझंच हवं.

म्हणून एवढंच कर. फाटक वाजलं की आतून मला हाक मार. हळू आवाजात नको, भिंगरे. सगळी आळी बाहेर येईल अशी, मोठ्यानं मार.

दादा