दिव्यावरचं कापड

मंचर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशे,

जय भीम, आणि माझ्याकडून जय जिनेंद्र. तिकडे आणे पठारावर थंडी पडली असेल. आईंना नमस्कार सांग. इकडे जतनबाई आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी माझं अक्षर अजून तपासते. शाळेआधी तिनंच मला घरी लिहायला शिकवलं. "केलंस ते त्याच दिवशी लिही," हे तिचंच.

तू प्रयोगशाळा सोडलीस त्याला तीन महिने झाले. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आपला प्रयोग आठव: निळा दिवा, सेंद्रिय उत्प्रेरक, आणि चपलांच्या जोडातली फक्त उजवीच बनावी तसा फक्त उजवा रेणू. माझे शंभरात ब्याण्णव उजवे आले, लेख छापायला गेला. तू तोच प्रयोग सहा वेळा केलास, दर वेळी जवळजवळ निम्मे डावे. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "यशोधरा, तुझा हात कच्चा आहे." मी शेजारीच उभी होते.

गेल्या वर्षी माझे प्रयोग चालू असताना पावसाळ्यात त्या उजेडावर किडे यायचे, भाजून मरायचे. मला बघवेना. घरचं पाणी गाळायचं कापड आणून मी दिव्याभोवती गुंडाळलं. आपले शिपाई गेणभाऊ म्हणाले, "ताई, दिव्याला पदर कशापायी? लाजतोय व्हय त्यो?" सरही हसतील म्हणून वहीत लिहिलं नाही. काम झालं की कापड पिशवीत.

गेल्या आठवड्यात दोन्ही करून पाहिलं. कापड असताना ब्याण्णव, नसताना छप्पन. भर उजेडात रेणू उत्प्रेरकाची वाट न बघता आपले आपण जुळतात, मग डावे-उजवे सारखेच.

हे मला आत्ताच कळलं, असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. परत फोडलं. तुझा तिसरा प्रयोग फसला तेव्हाच मला कापड आठवलं होतं. सांगितलं असतं तर लेख अडला असता. मी गप्प बसले.

सोमवारपासून सरांकडे तीनदा गेले. "छापून झालंय, आता कशाला उकरतेस?" तिन्ही वेळा तेच. शेवटी आज सकाळी लेख छापणाऱ्या मासिकाला मीच कळवलं. प्रत सोबत आहे. तुझे सहाही निकाल बरोबर होते आणि चूक माझ्या वहीत होती, असं त्यात लिहिलंय. माझी पीएचडी आता बहुधा रखडेल. तुझं वर्ष तर गेलंच.

कापडही पाठवते. मुद्दाम धुतलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोजून बघ.

परत ये म्हणायचा मला हक्क नाही.

तेव्हा शेजारी उभी असलेली,
सिद्धी