थापडीला न जुमानणारा टीव्ही

ताडकळस, सोमवार

चि. धम्मपाल यास लिंबाजीदादाचा सप्रेम जयभीम. तू, राजेश्री आणि लेकरं खुशाल असाल. आमीबी खुशाल होतो, मागच्या बुधवारपर्यंत. बुधवारी तू परभणीहून धाडलेला टीव्ही आला. फोनवर बोललो असतो, पण तू "दादा, मीटिंगमध्ये हाय" म्हणून ठेवतोस. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहायलोय.

तुझ्या मायेबद्दल शंका न्हाई. पण मला सांग, हा टीव्ही हाय का भिंतीवरचं कॅलेंडर? आपला जुना टीव्ही, डब्बा, कसा पोट सोडून ऐसपैस बसायचा. त्याच्या डोक्यावर माझा चष्मा, बीपीच्या गोळ्या, लाईटबिल, सगळं मावायचं. पहिल्या दिवशी सवयीनं मी चष्मा नव्याच्या डोक्यावर ठेवला, तो थेट खाली वाळत घातलेल्या तुरीत. तुझ्या वैनीला तो सापडेपर्यंत मी बातम्या नुसत्या ऐकल्या. तिनं डब्ब्याची शिवलेली खोळ नव्याला घातलीय, ती दोरीवरच्या लुगड्यासारखी लोंबायलीय.

(तू म्हणशील, दादाचं नेहमीचंच. खरं हाय. काळ्या-पांढऱ्याला निळी काच लावून बघत होतो तवा रंगीत आला, आणि मी म्हणालो होतो की रंगानं डोळे जातील. अँटेना जाऊन छत्री आली तवाबी मी तीन दिवस रुसलो होतो. पण दोन खेपेला चुकलो म्हणून तिसऱ्या खेपेलाबी चुकेन, असं मी काही लिहून दिलेलं न्हाई.)

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी मायचा पुण्यस्मरण दिवस. दरसाल बुद्धवंदना झाली की सगळी भावकी तुझ्या लग्नाची कॅसेट बघती, कारण चालती-बोलती माय तेवढ्यातच हाय, साडेतीन मिनिटं. तू ती पेनड्राईव्हात घालून दिलीस, म्हणून शनिवारी लावून बघितली. चौकोनी चित्र ह्या रुंद पडद्यावर आडवं ताणलेलं. माय आली, पण कसली माय. जल्मभर तुराटीच्या काडीसारखी असलेली बाई दारात मावंना. गाल फुगलेले, दंड पैलवानाचे. (नवरदेव म्हणून तूबी पोत्यासारखा दिसतोस, पण ते आता खरंच झालंय.) शेजारचे किशनराव, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणाले, म्हातारी खाऊनपिऊन सुखी होती की वो. मला लय राग आला. माय सोताची भाकर मोडून आपल्या दोघांच्या ताटात टाकायची आणि "मला भूकच न्हाई" म्हणायची, तिला हे खाऊनपिऊन म्हणायलेत.

मग मी उपाय केला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, कुठल्या यंत्राला कुठं थापटायचं ते मला कळतं. डब्ब्याच्या उजव्या कुशीत एक थापड दिली की चित्र जाग्यावर यायचं. नव्याला कूसच न्हाई, म्हणून पाठीत दिली. भिंतीचा पोपडा पडला, मागची कुठली बटनं दबली कुणास ठाऊक, पडद्यावरची अक्षरं तेलुगू झाली आणि माय तशीच जाड. मग पत्र्यावर चढून छत्री फिरवली. खालून तुझी वैनी "अजून जाडच हाय" म्हणून ओरडायची आणि गल्लीतल्या बाया आपापल्या अंगाकडं बघायच्या. उतरल्यावर कळलं की पेनड्राईव्हाचा छत्रीशी संबंधच नसतो. हे आधी सांगायला तुझं काय जात होतं?

तवा आता ठरलं. टेम्पो धाड आणि हा टीव्ही घेऊन जा. डब्बा न्हाणीजवळ ठेवलाय, तोच परत लावतो. त्यात माणसं हिरवी दिसतात, दिसू दे.

राजेश्रीला जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा बेजार दादा,
लिंबाजी

ता. क. डब्बा लावून बघितला. दोन्ही कुशीत थापडा दिल्या, चालू झाला न्हाई. टेम्पो राहू दे. नव्यात माय पहिल्यासारखी बारीक करायचं बटन कोणतं, तेवढं रविवारच्या आत कळव. पाया पडलो असतो, पण तुझ्यापेक्षा मोठा हाय.

ता. क. दुसरा. बटन कळवू नको. आत्ता तुझ्या वैनीनं परत मायला लावलं आणि बघत बसली. म्हणाली, जल्म अर्ध्या भाकरीवर काढला त्यांनी, टीव्हीत तरी भरल्या अंगाच्या राहू द्या की. मीबी शेजारी बसून साडेतीन मिनिटं बघितली. रविवारी तू लवकर ये. आपण दोघं पुढं बसू. किशनराव काही म्हणालेच तर सांगू, हो, आमची माय पोटभर जेवायची.