परीचे पुडे

९ जुलै
धानाचा रोवणा सुरू झाला. परीचे बाबा तुमसरले राइस मिलमध्ये, घरी येतात ते रविवारीच. म्हणून पोट्टीले घेऊन माहेरी करडीले आईकडं आली. सकाळी बायांच्या टोळीसंगं धानाच्या बांधीत, सांजच्याले घरी. दिवसभर परी आईजवळ. दुसऱ्या कोणाजवळ ठेवली असती त माझं चित्त लागलं नसतं. आईजवळ म्हणून बिनघोर.

१२ जुलै
अंगणवाडीच्या ताईनं परीच्या दंडाले पट्टी लावून पाह्यली. पिवळी आली, म्हणजे पोट्टी कमजोर. "दीड वर्षाची झाली अन् दंड पाहा." खाऊचे पुडे देल्ले. पीठ शिजवून थोडं थोडं, दिवसातून चारदा चारायचं. घरी येऊन आईले समजावून सांगतलं. आई म्हणे, "तुले कोनं वाढवलं मंग? मीनंच ना?" मी हासली.

२० जुलै
कंबर मोडून राहिली. चिखलात वाकून वाकून रात्री सरळ झोपता येत नाही. मी जातो तवा पोट्टी झोपलेली, येतो तवा पेंगुळलेली.
"पुडा खाल्ला का वं परीनं?"
"खाल्ला ना. चाटूनपुसून."
बरं वाटलं. पण चालून कायले नाही राहिली? दोन पावलं टाकते अन् बसून जाते. शेजारची तिच्याहून लहान, ते अंगणभर...

२ ऑगस्ट
पट्टी लाल.
ताई साऱ्या बायांसमोर म्हणे, "पुडे पोरीच्याच पोटात जाऊन राहिले ना? खरं सांग." असा राग आला! म्हटलं, "ताई, माझी आई आहे ते. सासू नाही." साऱ्या हासल्या. ताई नाही हासली. घरी येईस्तोवर तिच्या नावानं बोटं मोडली मी.

३ ऑगस्ट
रोवायचे पऱ्हे संपले, दुपारीच सुट्टी झाली. घरी आली त परी ओसरीत एकटी. समोर पेजेचा गंज, पातेलंभर नुसतं पांढरं पाणी. आई गोठ्यात. घमेल्यात कोंढा, ढेप, अन् वरून पुडा ओतून राहिली. माझ्या परीचा पुडा. गाय मान वर नाही करे.
"आई, हे काय?"
लाज नाही, काही नाही. "पोट्टी थुकते ते पीठ. गाईनं खाल्लं त दूध वाढते. दूध पोट्टीच पेते ना? वाया कुठं गेलं?"
"पेते? मंग गंजात पाणी काहून?"
घमेलं गाईपुढं सारत म्हणे, "डेअरीत जाते थोडं. उरलं ते तुह्या दादाच्या पोट्ट्याले." अन् हळूच, "तो घरचा आहे माय. परी तुमची."

तुमची म्हणे! म्हणजे मी बी परकीच. सासूनं केलं असतं त गावभर भांडली असती. सख्ख्या आईनं केसानं गळा कापला, आता कोणाजवळ जाऊन रडू? जेवली नाही.

४ ऑगस्ट
ताईकडं गेली. मान वर करवत नव्हती. सारं सांगतलं. ते इतलंच म्हणे, "दवाखान्यात भरती कर. तुले सोबत राहावं लागंल."
परीच्या बाबाले फोन केला. "रोवणा सोडून? आईले नीट समजावून सांग ना. आई आहे ते." माझंच बोलणं माझ्याच कानात. फोन कापला.

५ ऑगस्ट
थैली भरली. ताई सकाळीच येणार होती ऑटो घेऊन. टोळीतल्या बाईले कळवलं, येत नाही म्हणून. ते बी रुसली.
निघताना आई दारात उभी. हातात गिलास, काठोकाठ दूध. "आज डेअरीत नाही देल्लं." डोळे पुसून राहिली. मले रडू नाही आलं. संताप आला. आज सुचलं का वं तुले?
अन् परी? आईले पाहून हासली. माझ्या कडेवरून दोन्ही हात तिच्याकडं टाकले, अंग झोकून देल्लं. माझ्याकडं अशी कधी येत नाही.
बाहेर ऑटो वाजून राहिला. मी पोट्टीले घट्ट धरलं. ते रडाले लागली, आईचा पदर काही सोडे ना. मी तिचं एकेक बोट सोडवलं अन् ऑटोत बसली.