रिकाम्या सोफ्याचं माप

सोमवार, ३ मार्च

हे पुन्हा पडले. खाटेवरून उठायला गेले आणि घसरून खाली. खाट बुटकी, गुडघे पोटाशी येतात, डाव्या हाताला धरायला काही नाही आणि उजवा हात तर नोव्हेंबरात झटका आल्यापासून नुसता लोंबतोय. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर जमिनीवर बसून भिंतीकडे बघत होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. हाक मारली नाही. पूर्वी साधी कात्री सापडली नाही तरी घर डोक्यावर घ्यायचे!

व्यायामवाली आल्यावर तिला सांगितलं. ती चिडलीच. "दोन आठवडे सांगतेय मी! पायात ताकद आहे त्यांच्या. उभे राहिले की भिंत धरून चार पावलं टाकतात. पण उठणार कशावरून? खाट ही एवढीशी, प्लास्टिकची खुर्ची कलंडते. चांगला घट्ट सोफा घ्या, हातवाला. बसायची उंची एकोणीस इंच. दिवसभर बाहेरच्या खोलीत बसवा त्यांना. नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील."

सोफा! बावीस वर्षं लोकांचे सोफे बनवणाऱ्या माणसाच्या घरात सोफा नाही. दर वर्षी एकच पालुपद— "आधी गिऱ्हाइकाचं, पुढच्या वर्षी आपला." मीही तशीच. लोकांच्या सोफ्यांना कव्हरं शिवत बसले. आणि घरात चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक तडकलेली.

मंगळवार, ४ मार्च

भाऊजींचा फोन. ह्यांचे धाकटे भाऊ, मनाने वाईट नाहीत, पण त्यांना सगळं आजच्या आज निकालात काढायचं असतं. "वहिनी, सोफ्याच्या भानगडीत कशाला पडता? दवाखान्यातला बेड भाड्याने मिळतो. खाली-वर होतो, कठडे असतात, सगळं जागच्या जागी करता येतं."

सगळं जागच्या जागी. मला काय कळत नाही का!

बाहेरच्या खोलीत एकच मोठी वस्तू मावते. बेड, नाहीतर सोफा. बेड आला की हे आडवे झाले, आणि आडवे झाले की संपलं. ह्यांना विचारलं. हल्ली शब्द अर्धे तोंडातच राहतात, पण हा अख्खा बाहेर आला: "बेड."

भाऊजींना म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांबा.

शुक्रवार, ७ मार्च

मोठ्या शोरूमला गेले. आत एवढा गारठा की ओढणी डोक्यावरून घेतली. टाय लावलेला विक्रेता मागे मागे. पहिला सोफा दिसायला राजेशाही, बोट दाबलं तर रुतलं ते वरच येईना. दुसऱ्याच्या हातावर टकटक केलं— पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आवाज. तिसऱ्याच्या खालचं कापड जरा उचलून बघितलं तर विक्रेता धावला. "मॅडम, खालून कोण बघतं?"

म्हटलं, "माझा नवरा बघतो."

एक होता बरा. खरंच बरा होता. किंमत ऐकून मी इतकी पटकन उठले, जणू बसल्याचेही पैसे लावतील.

शनिवार, ८ मार्च

लेकीचा फोन. "आई, ऑनलाइन मागव गं. घरपोच येतो. लोकांनी दिलेले तारे बघायचे आणि घ्यायचा. अर्धे पैसे मी देते."

तारे बघून सोफा घेऊ? दाबून बघायला नको? बसून बघायला नको? तिला म्हटलं, तुझ्या बाबांनी हे ऐकलं तर तुला घरात घेणार नाहीत.  बाबा आतच होते, दार उघडं होतं, आणि त्यांनी ऐकलंही होतं. काही म्हणाले नाहीत.

मंगळवार, ११ मार्च

शेवटी गेलेच टकल्याकडे. ह्यांच्या धंद्यातला, दोन गल्ल्या सोडून दुकान. बावीस वर्षं दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मला बघून बिचारा उभाच राहिला, स्टूल पुसून दिलं. मी म्हटलं, एक साधा सोफा करून द्या, एकोणीस इंच, रंग कुठलाही. त्याने टकलावरून हात फिरवला. "वहिनी, हातात दीड महिन्याचं काम आहे. आणि खरं सांगू? त्यांच्यासाठी मी करायचा? ते आत मारलेल्या पिना मोजतील एकेक. मला नको ती परीक्षा."

घरी येऊन ह्यांना हे सांगितलं, हसतील म्हणून. हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याचं काम... बरं असतं."

टकल्याचं काम बरं असतं! ज्याला बावीस वर्षं शिव्या घातल्या त्याचं!  त्यांनी टकल्याला नावं ठेवली असती तर मी देवापुढे साखर ठेवली असती.

शुक्रवार, १४ मार्च

सात दुकानं झाली. पाय सुजलेत. काही नाही.

शनिवार, १५ मार्च

आज व्यायाम केला नाही. व्यायामवालीने पाय उचलायला सांगितला तर डोळे मिटून घेतले. ती पंधरा मिनिटं बसली आणि गेली. मी मागे लागले तर म्हणाले, "माझ्यासाठी... कशाला... सोफा."

माझं डोकंच फिरलं. ओरडले— "तुमच्यासाठी कोण घेतंय? मला बसायचंय! तीस वर्षांच्या संसारात एकदा तरी पाठ टेकून चहा प्यायचाय मला!" खालच्यांना ऐकू गेलं असणार. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडले.

रागाच्या भरात बोलले, पण खोटं नव्हतं ते.

मंगळवार, १८ मार्च

व्यायामवालीने ह्यांच्या मांडीचं माप घेतलं. मागच्या वेळेपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. टेप गुंडाळून पिशवीत ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही. जाताना दारात म्हणाली, "आजी, लवकर काय ते करा." आजी म्हणाली मला! म्हणू दे.

भाऊजींनी बेडवाल्याशी बोलून ठेवलंय. पुढच्या गुरुवारी, सत्तावीसला.

बुधवार, १९ मार्च

मिळाला!!

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होतोय, सामान विकायला काढलंय. कव्हरांचं कापड आणायला चालले होते, दारावर कागद चिकटवलेला दिसला. आत पेशंट बसतात त्या बाकड्यांच्या रांगेत हा सोफा. तिघे बसतील एवढा, तपकिरी रेक्झिन, एका कोपऱ्यात जरा फाटलाय तेवढाच. टकटक केलं— भरीव! खरं लाकूड. हात रुंद, धरून उठण्याजोगे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वीस वर्षं लोक याच्यावर बसून घाबरलेत. न्या तुम्ही."

टेप माझ्या पिशवीत असतोच. उंची बरोब्बर एकोणीस. लांबी, खोली, पाठ, आमचं दार, जिन्याचं वळण— प्रत्येक माप तीन तीनदा घेतलं. इतकी वर्षं सोफे मोजतेय, माझं एक कव्हर कधी परत आलं नाही. किंमतही आवाक्यातली. लेकीकडे मागायला लागले नाहीत.

घरी येताना चालता चालता स्वतःशीच बोलत होते. एक बाई वळून बघत होती.

शुक्रवार, २१ मार्च

आला. दोन हमालांनी चढवला, दारातून बोटभर जागा ठेवून आत गेला. ह्यांना धरून बाहेर आणलं. "बघा तरी," म्हटलं. बघितलं नाही. वळवून हळूच बसवलं.

आणि हे आत गेले. गेलेच! सीट खाली, गुडघे वर, खाटेवर होतात त्याहूनही वर. उठायला गेले, डाव्या हाताने सोफ्याचा हात आवळला, मान ताणली, लाल झाले. नाही. पुन्हा. नाही. मी बगलेत हात घातला, मला पेलवेना. शेवटी खालचे मास्तर आणि त्यांची बायको आली. तिघांनी मिळून ओढून काढलं, पोतं काढावं तसं. मास्तर "काही नाही, काही नाही" म्हणत होते. ह्यांनी तेवढा वेळ डोळे मिटून ठेवले होते.

सगळे गेल्यावर मी स्वतः बसले आणि बसल्या बसल्या टेप लावला. पंधरा.

रिकामा असताना एकोणीस. माणूस बसला की पंधरा. मी रिकामा सोफा मोजला! कव्हर शिवणारी बाई ना मी! कव्हर रिकाम्या सोफ्याचंच शिवतात, त्यावर कुणाला बसवून कोण माप घेतं? बावीस वर्षांची सवय. दुकानांत बोटं रुतवून बघत फिरले, आणि इथे लाकूड वाजलं तशी अशी हुरळले की दाबूनही बघितलं नाही. साधं बसूनही बघितलं नाही! शेंबड्या पोराला कळलं असतं.

शनिवार, २२ मार्च

भाऊजी येऊन बघून गेले. सीट हाताने एकदा दाबून बघितली. जाताना म्हणाले, "गुरुवारी बेड पाठवतो मग. हा मी कुणालातरी विकून देतो."

मी हो म्हटलं. इथे लिहून ठेवते— मी हो म्हटलं.

रविवार, २३ मार्च

दुपारी एकटीच त्या सोफ्यावर बसले होते. पाठ टेकून चहा प्यायले. कडू लागला.

मग वाटलं, शेवटचं म्हणून एकदा फळी घालून बघू. कपाटातली जुनी फळी काढली आणि सीटखाली सरकवायला लागले. जाईना. हातोडीने ठोकली. आतून आवाज आला, "काय... करतेस?"

"फळी घालतेय."

 मग, "फळी घातली की... बाकडं होतं. सोफा... नाही."

हातातली हातोडी तशीच राहिली. नोव्हेंबरपासून एवढं लांब वाक्य नव्हतं ऐकलं.

"मग काय करू?"

"उलटा कर."

सोमवार, २४ मार्च

मास्तरांनी सोफा उलटा करून दिला. ह्यांना तडकलेली सोडून दुसऱ्या खुर्चीत बसवलं, भिंतीला टेकवून, की कलंडायला नको. खालचं कापड मी उसवलं. आत सीटला पेलणारे पट्टे— सगळे सैल, झोळीसारखे लोंबणारे. ह्यांनी नुसतं "हं" केलं. ते "हं" मला चांगलं माहीत आहे. गिऱ्हाइकाच्या घरी दुसऱ्याचं काम उघडलं की करायचे तेच.

मग दिवसभर शिव्या. "ओढ." ओढला. "अजून." ओढला. "शिवणकाम... नाही हे! जोर लाव!" माझ्या तळव्यांना फोड आले. पट्टा ताणून धरला की खिळा मारायला तिसरा हात लागतो. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा हे खुर्चीतून पुढे वाकले आणि डाव्या हाताने टोक दाबून धरलं. मी खिळा मारला, अर्धा घाव त्यांच्या अंगठ्यावर. असली सणसणीत शिवी हासडली! एक अक्षर अडकलं नाही तिच्यात.

बारा पट्ट्यांतले पाच झाले. संध्याकाळी थकून भिंतीकडे तोंड करून झोपले. उद्या करतील की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

मंगळवार, २५ मार्च

केले. सातही.

बुधवार, २६ मार्च

सोफा सुलटा केला, पायांखाली लाकडाचे ठोकळे दिले. आज माप बसून घेतलं. साडेअठरा. "चालेल," हे म्हणाले.

चहा झाल्यावर ह्यांना बसवलं. बुडाले नाहीत. नीट ताठ बसले, घरात पाहुणे यावेत तसे. मी समोर उभी. "उठा."

डावा हात टेकला, पुढे झुकले. नाही. पुन्हा. जरासे उचलले गेले आणि धपकन खाली. तिसऱ्यांदा तर हललेच नाहीत. चेहरा राखेसारखा झाला. "राहू दे," म्हणाले. "तू बघू... नकोस."

मी धरून उठवलं, आत नेलं. पट्टे ताणले, ठोकळे दिले, साडेअठरा झाले— म्हणजे दोष सोफ्याचा नव्हताच. महिनाभर मी उगाच सोफ्याच्या नावाने खडे फोडत होते. आता कशाला दोष देऊ?

बेड नको असं भाऊजींना कळवायचं सकाळपासून मनात होतं. फोन केला नाही.

गुरुवार, २७ मार्च

ह्यांना सोफ्यावर बसवून, दार ओढून औषधं आणायला गेले. यायला अर्धा तास लागला. परत आले तर जिन्यात दोन माणसं बेडचे कठडे घेऊन उभी, वर बघत. आमचं दार उघडं. दारात हे! चौकट धरून. उभे. एकटे.

"इथे आजारी... कोणी नाही," त्यांना सांगत होते. "पत्ता चुकला तुमचा."

त्यातला एक माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही इथल्याच का?"

मी नाही म्हटलं.