नदीकाठचं गाव सोडून जिंकलो

रविवार, संध्याकाळ

संगणकावरच्या युद्धखेळात डोंगरी टोळी घेऊन आजवर प्रत्येक डाव हरलो. तिन्ही बाजूंना साम्राज्यं, आपली फौज मूठभर. कोरीट गावचा मित्र संजय सारखा सांगायचा, "पहिली चालमाच नदीवरलं गाव सोडी दे, भो. सगळी फौज किल्लामा लई जा." मला जमायचं नाही. आमचं नर्मदाकाठच्या मणिबेलीचं घर धरणात बुडालं, हे त्याला काय सांगू? आणि हा खेळच आहे ना?

आज सोडलं ते गाव. शत्रू तिथे लुटत बसला, मी मागून त्याची राजधानी घेतली. संजय फोनवर आनंदाने ओरडत होता. मला मात्र काहीच वाटेना.

शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं, "त्या गावातली माणसं कुठे गेली?"

"खेळात ते दाखवत नाहीत."

"खेळाबाहेर तरी कोणी दाखवलं?" म्हणत ते उठून गेले.