तक्त्यावरचं नाव

१२ मे, मंगळवार

शाळेतली टोमॅटोची सगळी रोपं काल रात्रीच्या हिमाने गेली. पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडलीत. इकडच्या मे महिन्यातल्याही थंडीची सवय व्हावी म्हणून ती आम्ही दिवसा बाहेर ठेवतो आणि शाळा सुटताना ग्रीनहाऊसमध्ये घेतो. भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्यावर काल नाव होतं ग्रेड टेनच्या मेगनचं. "सर, आत घेऊ ना?" तिने विचारलंही होतं. मीच म्हणालो, "राहू दे गं, आता कसली थंडी!" का, तर रविवारी गाडीचे बर्फासाठी घातलेले विंटर टायर काढले होते. एवढ्यावर माझा हिवाळा संपला!

आज प्रिन्सिपलबाई आल्या. तक्त्यावर मेगनचं नाव वाचून तिला म्हणाल्या, "एवढंसं काम होतं तुझं." मेगनने माझ्याकडे पाहिलं. मी रोपांकडे. तोंड उघडायला काय झालं होतं मला? पंधरा वर्षं शेती शिकवतोय म्हणून लाज वाटली?

घरी आलो तर गॅरेजमध्ये ते टायर रचलेले. बघवेनात.

शाळेतून निघालो तेव्हा मेगन मेलेली रोपं उपटून ट्रे धूत होती. मी मदतीला वाकलो. मान वर न करता तिने विचारलं, "सर, उद्या तक्त्यावर कुणाचं नाव लिहू?"

मी म्हणालो, "बघू."

बघू!